एका तिकिटाचं वजन किती? एलएसडीची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा विषय घरच्यांसमोर स्पीकरवर लागला, तर पहिल्या दोन मिनिटांतच गैरसमज होईल. पूर्ण ऐकला तर होणार नाही, पण घरचे पूर्ण कुठे ऐकतात!

तर विषय आहे एलएसडी. ॲसिड, तिकीट, पेपर, स्टॅम्प, तुमच्या ग्रुपमध्ये जे काय म्हणत असतील ते. डिसेंबरमधले गोव्याचे प्लॅन ठरायला लागले की आमच्या इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला असा, "याचं व्यसन लागत नाही, याने कुणी मरत नाही, परदेशात तर डॉक्टर देतायत. मग प्रॉब्लेम काय?" आणि दुसरा, "आमच्यातल्या एकाने घेतलं, तेव्हापासून तो पहिल्यासारखा राहिला नाही. असं खरंच होतं का?" गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. दोघांना एकच उत्तर द्यायचं तर एका शब्दापासून सुरुवात करावी लागेल. मायक्रोग्रॅम.

तुम्ही तापावर घेता ती पॅरासिटामॉलची साधी गोळी, त्यात ५०० मिलिग्रॅम औषध असतं. एलएसडीचा परिणाम दिसायला सुमारे १०० मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे त्या एका गोळीतल्या औषधाएवढ्या वजनाचं शुद्ध एलएसडी असेल, तर ते पाच हजार माणसांना पुरेल. मिठाचे दोन कण घ्या आणि बोटावर ठेवा. साधारण तेवढं. डोळ्यांनी मोजता येत नाही, घरच्या कुठल्याच काट्यावर कळत नाही. हे डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट, प्रयोगशाळेतली, रस्त्यावरची आणि कोर्टातलीसुद्धा, या एवढ्याशा वजनाभोवती फिरते.

हे सापडलं कसं? स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर, सँडोझ नावाची औषध कंपनी, आणि अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ. ते अरगट या बुरशीतल्या रसायनांवर काम करत होते. अरगट म्हणजे राय नावाच्या धान्याच्या कणसावर येणारी काळपट बुरशी. शेतकऱ्यांच्या घरातले असाल तर हे नाव ओळखीचं वाटेल, कारण आपल्या बाजरीवरही अरगट रोग येतो. म्हणून तर पेरणीआधी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात. बुरशीच्या हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या. पण बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली असली तरी जात वेगळी, आणि ती पोटात गेली तर मळमळ, उलट्या, चक्कर येते. रंगीत स्वप्नं वगैरे काही नाही. (हे सांगून ठेवलेलं बरं. आमचे काही श्रोते प्रयोगशील आहेत.)

हॉफमननी १९३८ साली या मालिकेतलं पंचविसावं संयुग बनवलं, म्हणून नाव एलएसडी-२५. उद्देश होता रक्ताभिसरण आणि श्वसनाला चालना देणारं औषध. प्राण्यांवर तसं काही विशेष दिसलं नाही, बाटली कपाटात गेली. पाच वर्षांनी त्यांना ते पुन्हा बनवून बघावंसं वाटलं. १६ एप्रिल १९४३ ला काम करताना कणभर कुठूनतरी शरीरात गेलं आणि त्यांना गरगरल्यासारखं झालं, डोळे मिटले की रंगच रंग. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांनी मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम घेतलं. त्यांच्या हिशेबाने ही अगदी सावध मात्रा होती. एवढ्याशाने काही होणारं औषध तेव्हा कुणाच्या ऐकिवातच नव्हतं.

पुढचं तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल: सायकलवरून घरी जाणं, आणि मग दरवर्षी १९ एप्रिलला साजरा होणारा 'बायसिकल डे'. पण रील्स जे सांगत नाहीत ते असं. सायकल का, तर युद्धामुळे गाड्यांवर निर्बंध होते. आणि ती सफर मजेची नव्हती. घरचं फर्निचर अंगावर येतंय, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण आहे, आपण मरतोय किंवा वेडे होतोय, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर आले, तपासलं, तर बाहुल्या मोठ्या झाल्यात एवढंच. बाकी सगळं ठीक. काही तासांनी भीती ओसरली आणि मग रंग सुंदर वाटायला लागले. म्हणजे जगातली पहिली ठरवून केलेली एलएसडीची ट्रिप अर्धीअधिक 'बॅड ट्रिप' होती. आणि ती कुणाची, तर मात्रा स्वतः मोजून घेणाऱ्या माणसाची.

शरीरात काय होतं, ते थोडक्यात. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते पेशींवरच्या ठरावीक कुलपांत किल्लीसारखं बसतं. एलएसडी त्यातल्या २ए नावाच्या कुलपात बसतं. २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या जोडीची रचना बारकाईने पाहिली (त्यांनी जवळचं नातं असलेलं २बी कुलूप वापरलं होतं). तेव्हा दिसलं की किल्ली आत गेल्यावर कुलपाचाच एक भाग झाकणासारखा वर येऊन बसतो. म्हणून ती लवकर निघत नाही. आठ ते बारा तास परिणाम राहतो त्याचं हे एक कारण. मध्येच 'बास, उतरवा मला' म्हणायची सोय नाही. शिवाय चढायला अर्धा ते दीड तास लागतो. पार्टीतला सगळ्यात घातक संवाद इथेच होतो: "काहीच होत नाहीये रे, अजून एक दे."

आता धोके. पहिल्या मेसेजवाल्याचं बरोबर काय, ते आधी मान्य करू. दारू किंवा ब्राउन शुगरसारखं शारीरिक व्यसन एलएसडीने लागत नाही. रोज घेतलं तर दोन-तीन दिवसांत परिणामच होईनासा होतो. नेहमीच्या मात्रेत शरीराला थेट विषबाधा होऊन मृत्यू फार दुर्मीळ. हे कबूल न करता भीती घालणारे व्हिडिओ बनवले, की पोरं बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत. माझ्या मते शाळा-कॉलेजांतल्या व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांचं हेच चुकतं.

पण दुसऱ्या मेसेजचं उत्तरही 'हो, होऊ शकतं' असंच आहे. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, तर एलएसडीमुळे तो आजार उफाळू शकतो. पंचविशीच्या आत हा धोका जास्त बोचतो, कारण असे आजार मुळात याच वयात डोकं वर काढतात. आणि आपल्याकडे घरातल्या अशा आजाराबद्दल कोण बोलतं? 'काका जरा विचित्र होते' एवढंच आपल्याला माहीत असतं. काही जणांना औषध उतरून आठवडे, महिने झाले तरी नजरेसमोर रेषा, सावल्या, हलणाऱ्या वस्तूंमागे शेपट्या दिसत राहतात. लिथियमच्या गोळ्या चालू असताना एलएसडी घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. आणि साधे अपघात: गच्ची, समुद्र, रस्ता, बाइक.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच. त्या कागदावर एलएसडीच आहे कशावरून? एनबोम नावाच्या कुळातली रसायनं अशाच कागदावर, एलएसडी म्हणून विकली जातात. तीही मायक्रोग्रॅममध्येच चालतात, पण त्यांनी ताप चढून, झटके येऊन माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. 'एलएसडीने कुणी मरत नाही' हे वाक्य तुमच्या हातातल्या तिकिटाला लागू आहे की नाही, हे तुम्हाला, आणि बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही, माहीत नसतं.

मग परदेशात डॉक्टर देतायत ते काय? ही गोष्ट नवी नाही. १९४७ पासून सँडोझ 'डेलिसिड' नावाने हे मनोविकारतज्ज्ञांना पुरवत होती. कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये हंफ्री ऑसमंड दारूच्या व्यसनावर ते वापरत होते. 'सायकेडेलिक' हा शब्दही त्यांचाच. त्या काळातल्या प्रयोगांपैकी नीट रचलेले सहा प्रयोग २०१२ साली एकत्र तपासले गेले, ५३६ रुग्ण. एका मात्रेनंतर एलएसडी गटातले ५९ टक्के सुधारले, दुसऱ्या गटातले ३८ टक्के. सहा महिन्यांपर्यंत फरक टिकला, वर्षभराने राहिला नाही.

आणि त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? सीआयएने १९५३ साली एमके-अल्ट्रा नावाचा गुप्त प्रकल्प काढला. माणसाचं मन ताब्यात घेता येतं का, ते बघायचं होतं. लोकांना न सांगता एलएसडी दिलं गेलं. फ्रँक ओल्सन नावाच्या अमेरिकी सैन्याच्या शास्त्रज्ञाला नोव्हेंबर १९५३ मध्ये ते नकळत पाजलं, आणि काही दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. घरच्यांना एलएसडीचं कळलं १९७५ साली. बावीस वर्षांनी! प्रकल्पाच्या बहुतेक फाइली १९७३ मध्येच नष्ट केल्या होत्या. १९६२ मध्ये तर ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या टस्को नावाच्या हत्तीला २९७ मिलिग्रॅम टोचलं. मिलिग्रॅम बरं का. दोन तासांच्या आत हत्ती मेला. यातून विज्ञान काय शिकलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

मग हिप्पी आले, गोव्यात आपल्या हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत आले, सरकारं घाबरली, १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने एलएसडी सगळ्यात कडक यादीत गेलं आणि संशोधन जवळपास चाळीस वर्षं थंडावलं. ते परत सुरू झालं पुन्हा स्वित्झर्लंडमध्येच: पीटर गासर यांनी गंभीर आजारामुळे चिंताग्रस्त असलेल्या बारा रुग्णांवर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि २०२५ मध्ये अमेरिकेतला मोठा प्रयोग आला, चिंतेच्या विकाराचे जवळपास दोनशे रुग्ण. एकदाच दिलेल्या १०० मायक्रोग्रॅमचा परिणाम बारा आठवड्यांनीही दिसत होता. आशादायक आहे, नक्कीच. पण एक अडचण बघा. आपल्याला खरं औषध मिळालं की नाही, हे रुग्णाला तासाभरात कळतंच! भिंती हलायला लागल्यावर कोण म्हणेल की मला साखरेची गोळी दिली? त्यामुळे औषधाचा परिणाम किती आणि अपेक्षेचा किती, हे वेगळं करणं कठीण जातं. शिवाय त्या रुग्णांची आधी गाळणी झाली होती, मात्रा काटेकोर मोजलेली होती, दिवसभर प्रशिक्षित माणूस शेजारी होता. हणजुण्याच्या पार्किंगमध्ये यातलं काय असतं?

आता शेवटचं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. आपल्याकडे एनडीपीएस कायदा, १९८५ चा. त्यात एलएसडीची 'अल्प मात्रा' म्हणजे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि 'व्यापारी मात्रा' म्हणजे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. आता हिशेब करा. दहा तिकिटांत, प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम धरलं तरी, शुद्ध एलएसडी भरतं एकूण १ मिलिग्रॅम. म्हणजे अल्प मात्रा. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की ज्या कागदात ते मुरलंय तो कागद त्याचाच भाग आहे, वजन कागदासकट धरायचं. गोवाही याच न्यायालयाखाली येतं. एक तिकीट हिशेबापुरतं १० मिलिग्रॅमचं धरा. एकाच तिकिटाने अल्प मात्रा ओलांडली. दहाच्या वर गेली की व्यापारी मात्रा: किमान दहा वर्षं, कमाल वीस, वर एक ते दोन लाख दंड. जामीनही सहज नाही. आरोपी निर्दोष असावा असं मानायला कारण आहे, अशी न्यायाधीशांची आधी खात्री पटावी लागते. आणि ग्रुपमधला जो 'सगळ्यांचं मी घेऊन येतो' म्हणतो, त्याच्याच खिशात ती सगळी असतात. तो डीलर नसतो, तो दिलदार असतो. कायद्याला तो फरक दिसत नाही. मला हे कागदाचं गणित अन्यायाचं वाटतं, पण आज ते असं आहे.

आणि कुणी घेऊन बसलंच असेल आणि घाबरलं असेल तर? गोंगाटातून बाजूला न्या, आवाज आणि दिवे कमी करा, एकटं सोडू नका, गच्ची-पाण्यापासून लांब ठेवा. 'हे औषधामुळे होतंय, उतरणार आहे' असं शांतपणे सांगत राहा. वाद घालू नका, बांधून ठेवू नका, उतारा म्हणून दारू देऊ नका. अंग तापलं, झटका आला, छातीत दुखलं, शुद्ध हरपायला लागली, तर थांबू नका, १०८ लावा आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. नंतरच्या दिवसांत मन ठिकाणावर येत नसेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६.

प्रश्न पाठवत राहा, नाव लपवून पाठवलेत तरी चालतील. भेटू पुढच्या भागात.