जबलपूरचा विडी कामगार आणि विम्याचे कार्ड



जबलपूर म्हटले की कामगार चळवळीला प्रथम आठवतात ते संरक्षण खात्याचे कारखाने: 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना. तेथील कायम कामगाराला कारखान्याचे इस्पितळ मिळाले. परंतु त्याच शहराच्या वस्त्यांत घरी बसून तेंदूच्या पानात तंबाखू भरणाऱ्या स्त्रीला ना कारखाना, ना हजेरीपट. तिला पाने देणारा आणि विड्या मोजून घेणारा सट्टेदार तेवढा ठाऊक. मालक दिसतच नाही. 1948 चा राज्य विमा कायदा तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नाही.

विडी कामगारांच्या लढ्यांनंतर 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. दर हजार विड्यांमागे उपकर बसला आणि त्या पैशातून दवाखाने निघाले; सागरला विडी कामगारांसाठी इस्पितळ उभे राहिले. हे दवाखाने आदर्श नव्हते. ओळखपत्रासाठी सट्टेदाराची मनधरणी करावी लागे, आणि ज्यांची नावे त्याच्या वहीत नसत अशा हजारो स्त्रिया बाहेरच राहत. तरीही तो निधी तिच्या श्रमावर उभा होता. तेथील औषध ही भीक नव्हती.

जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. विडीवर 28 टक्के कर बसला, पण त्यातील एक पैसाही कायद्याने विडी कामगारांसाठी राखून ठेवला गेला नाही. दवाखान्यांचा खर्च तेव्हापासून केंद्रीय अर्थसंकल्पाच्या मर्जीवर गेला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2018 मध्ये, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड जाहीर झाले.

हे कार्ड चालते कोठे? रुग्ण खाटेवर पडल्यावर. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच बाहेरचा खर्च त्यात बसतो. विडी वळणारीचा आजार असा एका दिवसात खाटेवर येत नाही. तंबाखूच्या धुळीचा खोकला, वाकून आखडलेली मान आणि पाठ, रक्तक्षय, मग कधी क्षय, हे सारे वर्षानुवर्षे घरातच वाढते. त्यासाठी तिला हवा असतो जवळचा दवाखाना. त्याचे बिल या कार्डावर निघत नाही.

खाजगी इस्पितळाला मात्र खाट भरली तरच पैसा मिळतो. त्याचे फळ जबलपूरनेच पाहिले. ऑगस्ट 2022 मध्ये पोलीस आणि आरोग्य खात्याने छापा घातला, तेव्हा एका खाजगी इस्पितळाचे कार्डधारक 'रुग्ण' शेजारच्या हॉटेलच्या खोल्यांत आढळले. त्याच महिन्याच्या 1 तारखेला शहरातील दुसऱ्या एका खाजगी इस्पितळात आग लागून आठ जणांचा बळी गेला होता. एखाद्या डॉक्टरच्या लबाडीवर बोट ठेवून हा प्रश्न मिटत नाही. सरकारी तिजोरीतला पैसा खाटेमागे मोजून द्यायचा ठरला, की खाटा भरण्याचा धंदा सुरू होणारच.

याचा अर्थ कार्ड फाडून टाका असा नव्हे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी, कर्करोगासाठी गरिबाला त्याचा आधार झाला आहे, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. कार्यकर्त्यांनी वस्तीतील प्रत्येकीचे कार्ड काढून द्यावे. पण जबलपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1955 मध्ये, हे शहर नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते तेव्हा, निघाले ते विम्याच्या जोरावर नव्हे. मंडला, सिवनी, बालाघाटकडचा आदिवासी आणि शेतमजूर आजही शेवटी तेथेच येतो. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, असे भोर समितीने 1946 मध्येच बजावले होते.

तेव्हा मागणी नेमकी हवी: तंबाखूवरील करातील ठराविक हिस्सा कायद्याने विडी कामगारांच्या आरोग्यासाठी राखून ठेवावा; ओळखपत्र सट्टेदाराच्या वहीवरून नव्हे तर युनियन आणि श्रम खाते यांच्या संयुक्त पाहणीवरून मिळावे; आणि प्रत्येक विडी वस्तीतील दवाखाना, डॉक्टर व औषधांसह, संध्याकाळी माल देऊन स्त्रिया मोकळ्या होतात त्या वेळी उघडा असावा.