बिघाड नेमका कोठे?

आमच्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी वाटेने एका कुंडीतून दुसरीत नेऊन शहरात आणले गेले. अशा वाटेत पाणी अडले, तर सगळ्याच कुंड्या उपसण्यात अर्थ नसतो; पाणी कोणत्या कुंडीपर्यंत पोहोचले, तेवढे पाहावयाचे. ही गोष्ट मला नुकतीच एका निराळ्याच कामात आठवली.

लोधीपुऱ्यातील माझा एक जुना विद्यार्थी लग्नाच्या चित्रफिती संपादित करतो. हळदीच्या मांडवातील पिवळ्या दिव्यांनी चेहरे रोगट दिसतात. ते रंग सुधारणारे प्लगइन, म्हणजे संपादनाच्या मूळ प्रोग्रॅमला जोडावयाचे उपांग, तो ओएफएक्स पद्धतीने सी प्लस प्लस भाषेत लिहीत होता. एका छायाचित्रकाराकडून विसार घेतला होता आणि तो खर्चही झाला होता. पण बिल्ड करताच पडद्यावर शेकडो चुका उमटत. हा शेवटची चूक वाचून तेथे डागडुजी करी, आणि चुका वाढत. मला ती भाषा येत नाही. परंतु वह्या तपासण्यात वीस वर्षे गेली आहेत. पहिल्या पायरीवर चुकलेले गणित खालपर्यंत चुकतच जाते. मी म्हटले, "बाबा रे, आधी पहिली ओळ वाच." एक हेडर फाइल सापडत नव्हती. तिच्या फोल्डरचा पत्ता देताच बहुतेक चुका नाहीशा झाल्या. उरली ती लिंकरची; एक लायब्ररी जोडावयाची राहिली होती.

बिल्ड झाले, तरी प्रोग्रॅमच्या यादीत प्लगइन दिसेना. येथे तर चूक सांगणाराही कोणी नाही! ओएफएक्सचा शिरस्ता कडक: बंडलच्या आत 'कंटेंट्स', त्यात 'विन६४', आणि फाइल तेथेच हवी. याने मधला फोल्डर गाळला होता.

घरी चालू झाले. छायाचित्रकाराकडे नेले, तो पुन्हा शुकशुकाट. बिचारा रडकुंडीस आला. त्याने डीबग बिल्ड नेले होते. त्यास लागणाऱ्या डीएलएल फाइली व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येतात. याच्या संगणकावर त्या आयत्याच असल्याने दोष झाकला गेला. छायाचित्रकाराकडे व्हिज्युअल स्टुडिओ कशाला असेल? मग रिलीज बिल्ड केले, त्याचा रनटाइम तेथे बसवला, तेव्हा कोठे यादीत नाव उमटले.

चेहरे आता छान दिसतात. हळद मात्र फिकी पडते. त्यावर त्याची खटपट अजून चालू आहे.