माहितीचे ओझे हलके करा



संगणकाचा प्रोग्राम चालला म्हणजे काम संपले, अशी आपल्या मुलामुलींची समजूत असते. परंतु तो किती वेळ घेतो आणि किती ओझे वाहतो, हेही पाहावयास हवे. आज एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

वर्गाचे निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. 40 विद्यार्थी, 6 विषय, म्हणजे 240 गुण. संगणकाच्या स्मृतीत अशा ओळीने मांडलेल्या माहितीला ॲरे म्हणतात. ती दुसऱ्या संगणकाकडे पाठवावयाची तर तिची एक सरळ साखळी करावी लागते. यालाच सीरियलायझेशन म्हणतात.

100 पर्यंतचा गुण एका बाइटात मावतो. म्हणजे 240 बाइट पुरेत. परंतु जेसनसारख्या मजकुरी पद्धतीत 72 हा गुण स्वल्पविरामासह 3 बाइट घेतो. त्याहून मोठा खर्च विषयांच्या नावांचा. यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. 'गणित' शब्दात ग, ण, वेलांटी आणि त मिळून 12 बाइट झाले. दोन अवतरणचिन्हे व पुढचे दोन टिंब धरून 15. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे हे नाव लिहिले, की 40 वेळा मिळून 600 बाइट केवळ एका नावावर गेले! पीएचपी भाषेतील जेसनचे फंक्शन तर, वेगळे न सांगितल्यास, प्रत्येक चिन्हासाठी 6 अक्षरांची खूण लिहिते. मग तेच नाव 27 बाइटांचे होते. ही खूण टाळण्याचा पर्याय 2012 च्या पीएचपी 5.4 पासून उपलब्ध आहे. तो वापरला पाहिजे.

हा प्रश्न आपल्या भाषांचा आहे. 'मौदा' हे आपल्या गावाचे नाव रोमन लिपीत 5 बाइटांत बसते, उर्दूत 8 आणि देवनागरीत 12 बाइट घेते. 1991 साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की पद्धतीत, जिचा वापर पुण्याच्या सी-डॅकने पुष्कळ केला, त्याला 4 बाइट पुरत. परंतु जगातील सर्व लिप्या एकत्र नांदाव्यात, ही सोय युनिकोडनेच दिली. म्हणून मुलांची नावे रोमनमध्ये लिहिणे हा उपाय नव्हे. नाव आपल्या लिपीत शुद्ध राहिलेच पाहिजे. काटकसर मांडणीत करावी.

ती कशी करावी? पहिली गोष्ट, विषयांची नावे एकदाच वर लिहा आणि खाली फक्त गुणांच्या ओळी द्या. आपले छापील निकालपत्रक असेच असते.

दुसरी गोष्ट, साखळी जोडताना जपा. जावासारख्या भाषेत तयार झालेला मजकूर बदलत नाही. त्याला एक ओळ जोडली, की आधीचा सारा मजकूर पुन्हा उतरविला जातो. अशाने 40 ओळींसाठी 820 ओळी उतरविण्याचे श्रम पडतात आणि 400 ओळींसाठी 80,200! त्याऐवजी स्ट्रिंगबिल्डर वापरून एकाच जागी लिहीत जावे.

तिसरी गोष्ट, आकडेच पुष्कळ असतील तर बायनरी पद्धत घ्या. 1987 पासून प्रसिद्ध असलेली एक्सडीआर आणि गूगलने 2008 मध्ये सर्वांसाठी खुली केलेली प्रोटोकॉल बफर्स ही त्याची उदाहरणे. मात्र कोणता बाइट आधी, कोणता नंतर, याचा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. वर्षानुवर्षे जपावयाचा दस्तऐवज मात्र मजकुरातच ठेवावा, कारण तो कोणालाही उघडून वाचता येतो.

कोणी म्हणेल, जिझिपने फाइल दाबून लहान करता येते, मग एवढी यातायात कशाला? दाबल्याने वाटेवरचे ओझे खरोखरच घटते. परंतु साखळी बांधण्याचे व सोडविण्याचे श्रम शिल्लकच राहतात. म्हणून बदल करण्यापूर्वी वेळ मोजा, नंतर पुन्हा मोजा आणि मगच मत बनवा.

मित्रांनो, शहरात वेगवान यंत्रावर बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे जास्तीचे बाइट जाणवत नाहीत. ते जाणवतात खेड्यातल्या मुलीला. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो, मोबाईलला रेंज जेमतेम असते, आणि पान उघडता उघडत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी असे प्रोग्राम लिहील. त्या वेळी तिची आठवण ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.