भाड्याची मोटार आणि परगांवचा रस्ता



प्रवासवर्णन करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. समुद्र, देवळें आणि जुनीं चर्चें यांचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत. मला बोलावयाचें आहे तें प्रवासांतील एका साध्या व्यवहाराविषयीं. तो म्हणजे परगांवीं मोटार भाड्यानें घेऊन ती आपण स्वतः चालविणें.

आमच्या फैजपूर, सावदा, यावल या बाजूचीं कुटुंबें आतां मुलांच्या शाळांना सुटी लागली कीं गोव्याकडे जाऊं लागलीं आहेत. भुसावळास गोवा एक्सप्रेस मिळते. मनमाड, पुणें, मिरज, बेळगांव असें करीत ती मडगांवास पोंचविते. तेथें उतरल्यावर घरांतील तरुण म्हणतो, “काका, गाडी घेऊं, मीच चालवितों.” वडील मंडळी म्हणतात, “परक्या मुलखांत हें धाडस कशाला? चालकासह टॅक्सी करा.” दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे. मात्र निर्णय करण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ठाऊक असणें अवश्य आहे.

खानदेशांत एखादा शेतकरी दुसऱ्याची बैलजोडी एका दिवसाच्या कामासाठीं आणतो, तेव्हां स्वतःच्या बैलांआधीं तो तिला चारापाणी दाखवितो, आणि संध्याकाळीं परत करतांना मालकासमक्ष तिच्या खांद्यावरून हात फिरवितो. जनावर जसें नेलें तसें आणून दिलें, याची ती साक्ष असते. हा नियम कोणत्या पुस्तकांत लिहिलेला नाहीं. तो गांवाच्या ओळखीवर चालतो. परगांवीं अशी ओळख नसते. तेथें ओळखीची जागा कागदाला घ्यावी लागते, म्हणून कायद्याची गोष्ट आधीं सांगतों.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या आधारें केंद्र सरकारनें १९८९ सालीं चालकाविना मोटारी भाड्यानें देण्याची योजना अंमलांत आणली. या मोटारी ओळखण्याची खूण सोपी आहे. खासगी मोटारीच्या पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें असतात, टॅक्सीच्या पिवळ्या पाटीवर काळीं अक्षरें असतात, आणि स्वतः चालविण्यासाठीं भाड्यानें मिळणाऱ्या मोटारीच्या काळ्या पाटीवर पिवळीं अक्षरें असतात. कोणी पांढऱ्या पाटीची मोटार कमी भाड्यांत देऊं लागला, तर ती घेऊं नये.

ही नुसती रंगाची बाब नव्हे. खासगी मोटारीच्या विमापत्रांत ती भाड्यानें देण्याचा उपयोग वगळलेला असतो. दुर्दैवानें अपघात झाला, तर विमा कंपनी हेंच कारण पुढें करते. मग जखमी मनुष्याच्या भरपाईचा तंटा लांबतो. आपण थोडें भाडें वांचवितों आणि त्याची किंमत रस्त्यावरील एखाद्या अनोळखी गरिबाला मोजावी लागते. ही काटकसर नव्हे.

आतां मोटार ताब्यांत घेण्याविषयीं. नोंदणीपत्र, विमा, प्रदूषणाचें प्रमाणपत्र आणि परवाना हीं चारही पाहावीं. मोटार पेट्रोलवर चालते कीं डिझेलवर, हें विचारून घ्यावें. जादा चाक आणि तें बदलण्याचीं हत्यारें आहेत काय, हें डिकी उघडून पाहावें. टांकी किती भरलेली आहे हें टिपून ठेवावें. अनामत रक्कम किती व ती केव्हां परत मिळणार, हें लिहून घ्यावें. शेवटीं गाडीभोंवतीं एक फेरी मारून प्रत्येक ओरखड्याचें चित्र फोनवर घ्यावें. आमच्या सहलींत माझ्या पुतण्यानें असें केलें, तेव्हां घरांतील मंडळी त्याला हंसलीं होतीं. मोटार परत देतांना देणाऱ्या गृहस्थानें दारावरील एका जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले. पुतण्यानें पहिल्या दिवसाचें चित्र दाखविलें आणि विषय तेथेंच संपला. भांडण झालें नाहीं, आवाज चढला नाहीं. पुरावा जवळ असला म्हणजे मनुष्याला सभ्य राहणें सोपें जातें.

गोव्याचे रस्ते आमच्या सरळ, मोकळ्या रस्त्यांसारखे नाहींत. हमरस्ता सोडला कीं ते अरुंद होतात. वळणावर घराची भिंत थेट रस्त्याला टेंकलेली असते. मांडवी नदींतील दिवाडी आणि चोडण या बेटांवर मोटार फेरीबोटींतून नेतां येते. रायबंदरहून दोन्ही बेटांस बोट जाते, आणि जुन्या गोव्याहून दिवाडीस जाते. बोट सपाट तळाची असते. धक्क्यावर तिची फळी टेंकली कीं पायीं चालणारीं माणसें, दुचाक्या आणि मोटारी चढतात. तेथें घाई करूं नये. बोटीवरील नोकर हातानें दाखवील तेथेंच गाडी उभी करावी, इंजिन बंद करावें आणि हातब्रेक ओढावा.

दिवाडी हें सप्तकोटेश्वराचें जुनें स्थान. पोर्तुगीज अमलांत तेथील देऊळ पाडलें गेलें. पुढें डिचोली भागांतील नार्वे येथें स्थापन झालेल्या या दैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार श्रीशिवछत्रपतींनीं १६६८ मध्यें करविला. बेटावरील रस्ते खाजन शेतांच्या बांधांजवळून जातात. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. समोरून मोटार आली तर एकानें थांबावेंच लागतें. अशा वेळीं पाहुण्यानें थांबावें. तेथील मनुष्य कामाला निघालेला असतो. आपण सुटीवर आहों.

कांहीं श्रोत्यांचीं मुलें परदेशीं आहेत. तीं ग्रीसच्या एखाद्या बेटावर सहलीस जातात आणि आईबापांनाही बोलावितात. तेथेंही भाड्याच्या मोटारीची चाल फार आहे, म्हणून दोन शब्द. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आधींच काढावा. तो एक वर्ष चालतो. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. गंमत अशी कीं, पोर्तुगालनें १९२८ सालीं उजवी बाजू स्वीकारली, परंतु त्याच्याच अमलाखालील गोव्यांत डावी बाजू कायम राहिली, कारण सीमेपलीकडील हिंदुस्थानांत वाहनें डावीकडून चालत. रस्त्याचा नियम राजाच्या इच्छेपेक्षां शेजाऱ्याच्या सोयीनें ठरतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुटीच्या जागीं मनुष्याला वाटतें कीं येथें आपल्याला कोणी ओळखत नाहीं. गोव्यांत दारू सहज मिळते. हौशी तरुण जेवणाबरोबर ती घेतो आणि पुन्हां चाकावर बसतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अशा पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोटार देऊन त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे. अपघात झाल्यास जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें आणि चोवीस तासांच्या आंत पोलिसांस कळविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. पळून जाणारा मनुष्य कायदा तर मोडतोच, पण ज्या गांवानें त्याला पाणी पाजलें त्या गांवाशींही बेइमान होतो.

चार दिवसांनीं आपण आपल्या केळीच्या मळ्यांत परत येतों. रस्ता मात्र तेथील लोकांजवळच राहतो. त्यांचीं मुलें त्याच रस्त्यानें शाळेंत जातात, त्यांच्या म्हाताऱ्या त्याच रस्त्यानें बाजारास जातात. उद्यां आमच्या फैजपूरच्या हमरस्त्यावर कोणी परका भरधाव गाडी हांकूं लागला, तर आम्हांस जसें वाटेल तसेंच त्यांस वाटतें. म्हणून वडील मंडळींस माझी विनंती आहे कीं, चालविणारा शांत आणि सराईत असेल तर त्याला अडवूं नका. त्याच्याविषयीं शंका असेल तर मात्र संकोच न करतां टॅक्सी करा. तरुणांस सांगणें इतकेंच कीं, काळ्या पाटीची मोटार घ्या, दिवसा चालवा, सावकाश चालवा, आणि परत देतांना मालकाच्या नजरेला नजर देतां येईल अशी द्या.