रिवॉर्ड पॉइंटचं मूळ कुठे?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आम्हा त्र्यंबककरांना हे कसं पटावं? इथे लोक ब्रह्मगिरी चढून गोदावरीचं मूळच तर बघायला येतात. आज आपणही एक मूळ शोधूया. क्रेडिट कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट आणि कॅशबॅक, हे पैसे येतात कुठून?

समजा, पुण्याचं एक कुटुंब पूजेसाठी त्र्यंबकला आलं. लॉजचं बिल झालं १०,००० रुपये, आणि त्यांनी कार्ड स्वाइप केलं. लॉजवाल्याच्या खात्यात पूर्ण दहा हजार येत नाहीत. त्यातून एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट, कापला जातो. तो २ टक्के धरूया. २०० रुपये ते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६. जमा झाले ९,७६४.

या २०० रुपयांचे तीन वाटे होतात. सगळ्यात मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या नेटवर्कचा. उरलेला मशीन देणाऱ्या बँकेचा. कार्डावर १ टक्का कॅशबॅक असेल, तर त्या कुटुंबाला जे १०० रुपये परत मिळतात, ते मुख्यतः या इंटरचेंजमधून. नाव बँकेचं, खिसा लॉजवाल्याचा.

लॉजवाला तरी हा खर्च कुठे टाकणार? भाड्यातच ना! आणि भाडं सगळ्यांना सारखंच. निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेला एखादा शेतकरी रोख पैसे मोजतो, तेव्हा तोही या खर्चाचा वाटा उचलतो. पॉइंट मात्र त्याला एकही मिळत नाही.

याचा पडताळा बघायचाय? कुशावर्ताजवळ हार-फुलं घेतली आणि क्यूआर स्कॅन करून बँक खात्यातून पैसे दिले, तर त्यावर रिवॉर्ड फारसे मिळत नाहीत. कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर शून्य आहे. विहिरीतच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आता २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. क्यूआर तोच, पण तिथे पॉइंट मिळू शकतात, कारण त्या व्यवहारामागे पुन्हा शुल्क आलं. छोट्या दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंत त्यातून सूट आहे.

वार्षिक फी, परदेशातल्या खर्चावरचा मार्कअप, न वापरता संपून गेलेले पॉइंट, हेही बँकेच्या पथ्यावर पडतं. पण खरी मलई व्याजात आहे.

बिल आलं २०,००० रुपये. ‘मिनिमम ड्यू’ १,००० रुपये. तेवढेच भरले, तर लेट फी लागत नाही, पण व्याज लागतं. महिना ३.५ टक्क्यांनी १९,००० वर ६६५ रुपये, वर जीएसटी साधारण १२०. झाले ७८५. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे आकडा याहून मोठा. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आणि वीस हजारांवर कॅशबॅक किती मिळाला होता? २०० रुपये!

वर्षाला हे व्याज ४२ टक्के होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे आता व्याजावर ती मर्यादा नाही. आपल्याकडे सावकारीला कायदा आहे, पण बँका त्यात येत नाहीत.

थोडक्यात, वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याचे पॉइंट दुकानदार, रोखीचं गिऱ्हाईक आणि थकबाकीत अडकलेला कार्डधारक मिळून भरतात. कार्ड वापरू नका, असं मी म्हणत नाही. पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावा. ते जमत नसेल, तर पॉइंटच्या नादी लागू नका. छोट्या दुकानात साधं यूपीआय करा, त्याचे पैसे पूर्ण त्याला मिळू देत. आणि सिंहस्थासाठी नवीन मशीन घेणार असाल, तर दुकानदार मंडळी, सही करण्याआधी क्रेडिट कार्डाचा एमडीआर किती आणि मशीनचं भाडं किती, हे लेखी घ्या.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटूया पुढच्या भागात.