अंजनी
(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी आपण आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शोभेची झाडे लावण्यासाठी वर्गणी दिलीत. तिचा हिशेब द्यायला मी उभा आहे. हिशेब थोडक्यात असा, की एकही झाड विकत घेतलेले नाही.

आमचे वसतिगृह माथेरानच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला आहे. मुली ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या. मी रोपवाटिकेतून गुलमोहर आणि बॉटलब्रशचे दर काढून आणले होते. मागच्या उतारावरची झुडपे तोडून तिथे खड्डे घ्यायचे ठरले. मजूर कोयता घेऊन आला त्या सकाळी आठवीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "सर, ती अंजनी आहे. आता फुलंल." आठ दिवस थांबू म्हटले. खरे तर तिचे मन मोडायला नको, एवढाच विचार होता.

मार्च महिना होता. एका सकाळी तो उतार निळा झाला. अंजनीची फुले फांदीच्या शेंड्याला येत नाहीत. पानांच्या बेचक्यांतून आणि पाने गळून गेलेल्या जुन्या फांद्यांवर झुबक्यांनी येतात. त्यामुळे फांदीला कोणी निळी लोकर गुंडाळली आहे असे वाटते. एक फूल नखाएवढेही नसते. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, आणि भोवती मधमाश्या. ज्या झाडाला मी झुडूप म्हणून तोडायला निघालो होतो, ते पाहायला शाळेतले शिक्षकही आले.

शास्त्रात हिचे नाव मेमेसिलॉन अंबेलेटम. खानदेश-मराठवाड्याकडच्या बांधवांनी गोंधळून जाऊ नये. त्यांच्याकडचा उंच अंजन वृक्ष निराळा. ही अंजनी सह्याद्रीची आणि कोकणची. खाली दक्षिणेत आणि श्रीलंकेतही आहे. महाबळेश्वर आणि माथेरानच्या रानांत तर ती जांभळाच्या जोडीने पावलोपावली भेटते. माथेरानला आपण सगळे गेलो आहोत, तिच्या सावलीतून चाललो आहोत, आणि नाव कोणी विचारले नाही. जांभ्या दगडावरची थोडीशी माती, धो धो पाऊस, कड्यावरचा वारा, हे सगळे ती सोसते. उंची बहुधा १०-१५ फूट, पाने जाड, गडद हिरवी, चकचकीत; बारा महिने हिरवी. आवारासाठी याहून काय हवे होते?

फळ वाटाण्याएवढे. आधी हिरवे, पुढे पिवळट-तांबूस, शेवटी काळे-जांभळे. डोक्यावर इवल्या मुकुटासारखी कड असते. आत एकच बी, भोवती थोडा तुरट-गोड गर. मुली आवडीने खातात, बुलबुल त्याहून जास्त. पानांपासून पिवळा रंग निघतो. दक्षिणेत चटया रंगवताना ही पाने हिरड्याबरोबर वापरत. डोळे आले की पानांच्या काढ्याने धुण्याची जुनी रीत आहे. पण वसतिगृहात मी ते करू देत नाही, डोळ्यांना डॉक्टरच लागतो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बागेतल्या झाडांचे देखणेपण आधी येते आणि त्यांचे फळ नंतर. अंजनीच्या बाबतीत मात्र वाडीतल्या बायका तिसऱ्याच गोष्टीने सुरुवात करतात: लाकूड. ते कठीण आणि जड असते, जळण म्हणून उत्तम. त्या मुलीची आई डोक्यावर मोळी घेऊन आमच्या फाटकावरूनच जाते. मी तिला उत्साहाने सांगितले, "बाई, अंजनी तोडू नका, फार हळू वाढते." ती मोळी खाली न ठेवताच म्हणाली, "झाड राखू सर, पन चूल कशावर पेटवू?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. मुलींनी पिकलेल्या फळांतले ताजे बी पिशव्यांत लावले. पुष्कळसे उगवले, काही रोपे शेळ्यांनी खाल्ली, कारण फाटक मीच उघडे टाकले होते. आणि वाडीतल्या बायकांबरोबर बसून ठरवले, की बुंधा तोडायचा नाही, फांद्याच घ्यायच्या, म्हणजे पुन्हा फुटवा येईल. पण नुसत्या ठरावाने भात शिजत नाही. कमी लाकडात स्वयंपाक होईल अशा सुधारित चुली वाडीत बांधता येतील. माती त्यांची, हात त्यांचे. पत्र्याचा धूरनळा आणि शिकवणाऱ्या गवंड्याची मजुरी एवढाच खर्च.

आपण पैसे झाडांसाठी दिले होते, चुलींसाठी नव्हे. म्हणून मी त्यांना हात लावलेला नाही; सगळी रक्कम बँकेत आहे. ती चुलींवर खर्च करायला कोणाची हरकत असेल, तर आज बाहेर चहाच्या वेळी मला गाठून सांगा. मी दाराशीच उभा असेन.