चुकीच्या रंगाचा उंट



आज मी एका निसटलेल्या अर्ध्या गुणाची गोष्ट सांगणार आहे. बुद्धिबळ येत नसेल तरी चालेल. फक्त एक लक्षात ठेवा: पटावर ६४ घरं असतात आणि उंट तिरपा चालतो. त्यामुळे पांढऱ्या घरात उभा असलेला उंट जन्मभर पांढऱ्याच घरांत फिरतो. उरलेली ३२ घरं त्याच्यासाठी नसल्यासारखीच.

मी सतरा वर्षांची होते. इंदूरमधल्या एका स्पर्धेची शेवटची फेरी. जिंकले तर पहिलं बक्षीस. घरी बाबांशी ठरलं होतं, या वेळी पहिली आले तरच पुढच्या वर्षी खेळायचं, नाहीतर बारावीचा अभ्यास. समोर बसले होते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. चहाचा कप बाजूला, चेहरा एकदम शांत.

चार तासांनी पटावर फारच थोडं उरलं. माझा राजा, पांढऱ्या घरांवरचा उंट आणि दोन प्यादी: एक जी-४ वर, दुसरं एच-५ वर. काकांकडे राजा आणि काळ्या घरांवरचा उंट. प्यादं एकही नाही. आजूबाजूला मुलं गोळा झाली होती. दोन प्यादी जास्त म्हणजे डाव माझाच, असं मलाही वाटत होतं. माझ्या घड्याळात तीन मिनिटं होती. मी जी-चं प्यादं एक घर पुढे ढकललं.

काकांनी उंट उचलला आणि तेच प्यादं मारलं. शह! त्यांच्या उंटाला कुणाचाच जोर नव्हता. मी राजाने तो उंट मारला. आता काकांकडे एकटा राजा. माझ्याकडे राजा, उंट आणि प्यादं. एक मुलगा हळूच म्हणालासुद्धा, "संपलं!"

खरंच संपलं होतं, पण माझ्या बाजूने नाही. काकांनी राजा कोपऱ्याकडे नेला. माझं उरलेलं प्यादं एच पट्टीवरचं, त्याला वजीर व्हायचं तर एच-८ या घरात पोचायला हवं. ते घर काळं, आणि माझा उंट पांढऱ्या घरांवरचा. काकांचा राजा त्या कोपऱ्यात बसला की माझा उंट त्याला तिथून हुसकावूच शकत नाही. फार जवळ गेलं तर स्टेलमेट, म्हणजे पुन्हा बरोबरी. मी आणखी पंचवीस चाली खेळले, डोळ्यांत पाणी घेऊन. मग हात पुढे केला.

काका उठताना म्हणाले, "बेटा, तुझा उंट पांढऱ्यावरचा आहे, हे मी वीस चालींपासून मोजत होतो."

मी काय मोजत होते? प्यादी. माझ्याकडे किती आणि त्यांच्याकडे किती. ते मात्र हे मोजत होते, की शेवटी कोणतं घर लागणार आणि तिथे कोण पोचणार.

नंतर मी उंटांच्या शेवटाचे डाव शोधून शोधून बघितले. त्यातला एक कधीच विसरणार नाही. १९९८, स्पेनमधलं लिनारेस. टोपालॉव्ह विरुद्ध शिरॉव्ह. इथेही दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांवरचे. शिरॉव्हकडे दोन प्यादी जास्त, पण असे डाव बऱ्याचदा बरोबरीत सुटतात. त्याच्या राजाला घाईने पुढे जायचं होतं आणि वाटेत त्याचाच उंट उभा होता. ४७व्या चालीला त्याने तो उंट उचलून एच-३ वर ठेवला, सरळ प्याद्याच्या तोंडी. टोपालॉव्हने तो मारला. तेवढ्यात शिरॉव्हचा राजा मोकळ्या झालेल्या घरातून पुढे सरकला. लांब लांबची दोन प्यादी धावत सुटली आणि टोपालॉव्हच्या एकट्या उंटाला ती अडवता येईनात. थोड्याच चालींत त्याने डाव सोडला.

शिरॉव्हने उंट दिला तो जिंकायला. काकांनी दिला तो वाचायला. हिशोब दोघांचा एकच होता: या क्षणी माझ्या उंटाची किंमत जास्त, की त्या एका घराची?

मी त्या दिवशी प्यादं पुढे ढकलण्याआधी काकांचा उंट जी-५ वर येऊ शकतो, एवढं जरी बघितलं असतं, तरी डाव जिवंत राहिला असता. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिट पुरलं असतं.

माझा तिसरा नंबर आला. बाबांना मी पट मांडून सगळा शेवट दाखवला. ते बराच वेळ त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बारावीनंतर परत खेळ."

खेळले. आज मी मुलांना शिकवते. उंटाचा शेवट मांडला की पहिला प्रश्न मी हाच विचारते: तुझं प्यादं कुठे वजीर होणार, आणि ते घर कुठल्या रंगाचं? "किती प्यादी जास्त?" हा प्रश्न त्यानंतर.